मिठाच्या गोणीची साक्ष

सांगलीचं भडंग खाऊन कुणी मरत नाही, हे मी शपथेवर सांगत आलोय. माझ्या पुड्यातला एक चुरमुरा एकदा कावळ्यानं पळवला. तिखटानं त्याची जीभ अशी पेटली की पलूसवरनं उडालेला तो कावळा मिरजेच्या रेल्वेच्या टाकीवरच जाऊन टेकला, आणि टाकीतलं पाणी दोन बोटं खाली गेलं तेव्हा कुठं त्याचं समाधान झालं. तरी जगला. पण कावळ्याचं काळीज धडधाकट होतं. नाथाजीचं नव्हतं, एवढंच मी हिशेबात धरलं नाही.

नाथाजी म्हणजे माझा शेजारी आणि पन्नास वर्षांचा दोस्त. अठरा वर्षं फौजेत काढून हवालदार होऊन आला, मग ऊस करत राहिला. ऐन उमेदीत त्याची छाती एवढी होती की तो पावसात उभा राहिला तर तिच्या आडोशाला दोन शेरडं कोरडी राहायची. मी स्वतः मोजलीत. अशा छातीच्या आतलं यंत्र थकेल असं कुणाच्या मनात येणार? गेल्या चैत्रात त्याचे पाय सुजले. तो म्हणाला, चपला आखूड झाल्यात. मग आडवं पडलं की दम लागायला लागला. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, आणि शेवटी तो भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायला लागला. बायकोनं, म्हणजे रंगूबाईनं, विचारलं तर म्हणायचा, फौजेत असंच झोपत होतो. एके सकाळी त्याचे ओठ निळे पडले तेव्हा गाडी सांगलीला निघाली.

दवाखान्यात त्याच्या अंगातनं सात लिटर पाणी काढलं. गावात मी पंधरा सांगतो, पण तुमच्याशी कशाला खोटं बोलू. डॉक्टरांनी रंगूबाईला आमच्याच भाषेत समजावलं. मोटार चालू आहे, पण दाब कमी झालाय. पाणी पुढं ढकललं जात नाही, मग ते पायात, पोटात, फुप्फुसात तुंबतं. मीठ खाल्लं की आणखी तुंबतं. जाता जाता म्हणाले, या वेळी परत आणला. पुन्हा पाणी भरलं आणि ते आम्हाला उशिरा कळलं, तर मी शब्द देणार नाही.

ते 'उशिरा' रंगूबाईनं पदराला गाठ मारून घरी आणलं. तेव्हापासून ती नाथाजीच्या छातीकडं बघत बसायची. ती वर झाली की हिचा श्वास वर, खाली आली की हिचा खाली. स्वयंपाक करताना मध्येच उठून बघून यायची. शेताकडं नाही, हळदी-कुंकवाला नाही, शेजारच्या लग्नाला नाही. वैशाख संपेपर्यंत बाई एवढी वाळली की पाहुणे घरात शिरून आधी तिलाच विचारायचे, आता बरं वाटतंय का?

त्यांचा मुलगा राजवर्धन पुण्यात नोकरीला. बापापेक्षा आईकडं बघून त्याचं धाबं दणाणलं. त्यानं दवाखान्यात चौकशी केली आणि ज्येष्ठात एक वजनकाटा घेऊन आला. दिसायला साधा, काचेचा. पण त्यावर उभं राहिलं की आकडा आपोआप रंगूबाईच्या मोबाईलमध्ये जायचा, मोबाईलमधनं सांगलीला दवाखान्यातल्या संयोगिता सिस्टरकडं, आणि पुण्याला राजवर्धनकडं. मग मोबाईलमधली बाई चांगल्या मराठीत प्रश्न विचारायची. काल झोपताना किती उशा घेतल्या? पायाला सूज आहे का? चालताना दम लागतो का? रंगूबाईनं उत्तराच्या चित्रावर बोट ठेवायचं. सगळं ठीक असलं तर हिरवा रंग, बिनसायला लागलं तर पिवळा, आणि लाल आला तर दुसरं काही न करता दवाखाना गाठायचा. सूज बघायला नडगीवर अंगठा कसा दाबायचा, पाण्याची गोळी कुठली, दिवसाला पाणी किती तांबे, हे सगळं ती बाई न कंटाळता सांगायची. रंगूबाईची शाळा चौथीपर्यंत. पण ऐकायला शाळा लागत नाही.

सगळ्यात शेवटी ती बाई एक निराळाच प्रश्न विचारायची. तुम्ही स्वतः झोपलात का? जेवलात का? पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा रंगूबाईनं मोबाईल माझ्यापुढं धरला. मग मला म्हणाली, "भावजी, चाळीस वर्सांत ह्या घरात मला ह्यो सवाल कुनी केला न्हवता." तेव्हापासून नाथाजी उतरला की ती स्वतःही काट्यावर चढायची. बाईनं विचारलंय तर सांगायला नको का, म्हणायची.

आणि तिला झोप लागायला लागली. रात्रीची राखण कुणीतरी वाटून घेतल्यासारखं झालं. महिनाभरात ती एवढी तरबेज झाली की गल्लीतल्या एकूण एक नडगीवर तिचा अंगठा फिरला. सरपंचाची नडगीसुद्धा सुटली नाही. माझ्याही पायावर तिनं दाबून बघितलं, खड्डा पडला नाही. म्हणाली, भावजी, तुमच्यात पाणी न्हाई, नुसती हवा हाय.

नाथाजीनं हे सगळं हजेरी म्हणून स्वीकारलं. सकाळी तोंड धुऊन काट्यावर सावधानमध्ये उभा राहायचा, डोक्यावर टोपी, खिशात किल्ल्या, अडकित्ता. रंगूबाई एकेक काढून घ्यायची आणि मगच आकडा पुढं जाऊ द्यायची. जेवणाचं मात्र त्यानं कधी मनावर घेतलं नाही. तिनं लसूण, लिंबू, तीळ, ओलं खोबरं, काय काय घालून बिनमिठाची भाजी चवीला आणली होती. मी खाऊन बघितलीय, वाईट नव्हती. पण तो म्हणायचा, भिजलेलं वर्तमानपत्र बरं, त्यात निदान बातम्या असतात.

डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं होतं. तो चालायचा. चालणं बरोबर माझ्या रानातल्या मोटारीच्या खोपटापाशी संपायचं, कारण तिथं मी भडंगाचा पुडा उघडून बसलेला असायचो. आधी मूठभर. मग त्यानं मूठ बदलली, दोन्ही हातांची ओंजळ केली. वरनं खारे शेंगदाणे. मी म्हटलं, जाऊ दे, माणूस सीमेवर लढलाय, चार चुरमुऱ्यांनी काय होतंय. आठवडाभर असं चाललं आणि आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे खूश होतो.

श्रावण लागला होता, झड थांबत नव्हती. एका सकाळी मी चहाला गेलो तर मोबाईल पिवळा झालेला. तीन दिवसांत सहासष्ट किलो चारशेवरनं अडुसष्ट किलो तीनशे. रंगूबाई सांगलीला फोन लावायला निघाली, तर नाथाजीनं हात आडवा केला.

"थांब. काटा मारतोय ह्यो," तो म्हणाला.

आता हे परगावच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडं माणूस देवावर विश्वास ठेवतो, पाहुण्यावर ठेवतो, प्रसंगी राजकारण्यावरही ठेवतो, पण काट्यावर ठेवत नाही. ऊस घातलेल्या माणसाची ही पहिली शिकवण. कुठल्या कारखान्याचं मी नाव घेत नाही, पण भरलेली गाडी काट्यावर चढली की उसाचं वजन आपोआप वाऱ्यावर जातं, असं आमच्या बापजाद्यांपासून सगळे मानत आलेत. म्हणून शहाणा माणूस गाडी आधी बाहेरच्या काट्यावर तोलतो आणि मग आत नेतो. संशयी काट्याची परीक्षा ज्याचं वजन आधीच ठाऊक आहे अशा मालानं करायची, हा आमचा कायदा.

मी म्हणालो की कारखान्याचा काटा कमी दाखवतो, हा तर जास्त दाखवतोय. नाथाजी म्हणाला, जात एकच. आणि मग, माझं तोंड झडो, मीच म्हणालो की गोठ्यात गुरांसाठी आणलेली खडेमिठाची गोणी आहे. वर पन्नास किलो छापलंय, शिवण अजून उसवलेली नाही. ठेव काट्यावर, दूध का दूध होईल.

रंगूबाईनं आम्हाला अडवलं नाही. तिलाही खरं काय ते हवं होतं. काटाच खोटा असला तर पाच महिन्यांत पहिल्यांदा मिळालेली झोप खोटी, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ती मोबाईल घेऊन आमच्या मागनं गोठ्यात आली.

गोणी उचलायचं आमचं वय नाही, म्हणून मी युक्ती काढली. गोणी काट्याकडं न्यायची नाही, काटा गोणीकडं आणायचा. खाली फळी टाकून काटा सपाट ठेवला, पहार घालून गोणी कलती केली आणि डुलत डुलत वर चढवली. नाथाजीला फक्त हुकूम द्यायचं काम होतं. पण फौजी माणूस, त्याला राहवलं नाही. गोणीचा कोपरा सरळ करायला तो वाकला.

तो वर आला तेव्हा त्याला बोलता येईना. दावणीच्या खांबाला हात टेकून उभा राहिला, तोंड उघडं, खांदे वरखाली. पाच-सहा श्वास असे गेले. रंगूबाई काट्यावरचा आकडा वाचत होती, तिची पाठ होती. मी मात्र बघितलं. चैत्रातही तो चपला घालायला वाकला की असाच खांब धरायचा, आणि तेव्हाही मी त्याच्याबरोबर हसलो होतो.

"एक्कावन्न किलो दोनशे," रंगूबाई म्हणाली.

नाथाजीला श्वास सापडला तो जिंकल्याच्या आनंदातच. म्हणाला, बघितलंस? बंद गोणी, ती खात न्हाई, पित न्हाई, आणि सव्वा किलोनं वाढली. काटा लबाड. फोन ठेव खाली आणि चहा टाक.

रंगूबाईनं गोणी ढकलून खाली घेतली, पदर खोचला आणि स्वतः काट्यावर चढली. मग उतरली आणि मोबाईलमधले मागचे आकडे एकेक करून बघितले.

"मी म्हैनाभर येकूनपन्नास. कालबी येकूनपन्नास, आजबी येकूनपन्नास," ती म्हणाली. "लबाडच आसंल तर मलाच कसा मारंना ह्यो काटा?"

ती गोणीपाशी बसली. शिवणीवर हात फिरवला. तळाला हात घातला तर तळ ओला. कोपऱ्यातला दोरा विळ्यानं तोडून तिनं मूठभर मीठ बाहेर काढलं. खडे सुटे नव्हतेच, चिकटून त्यांचा गोळा झाला होता. तिनं मूठ आवळली तशी बोटांमधनं पाणी ओघळलं. ज्येष्ठापासून गोणी त्या दमट गोठ्यात उभी होती. पावसाळा लागल्यापासून तिनं हवेतलं पाणी ओढलं होतं, कुणी पाजायची गरजच नव्हती.

ती तशीच ओली मूठ घेऊन नाथाजीसमोर आली. आवाज चढवला नाही.

"गोनीत मीठ हाय, म्हनून तिनं पानी वढलं. तुमच्यात कुटनं आलं? घरातलं समदं मीठ तर मी फडताळात कुलपात ठेवलंय."

नाथाजी म्हशीकडं बघायला लागला. म्हैस माझ्याकडं बघायला लागली. मी आयुष्यात अनेक अडचणीतनं बोलून सुटलोय. एकदा तर कृष्णेच्या पुरात मगरीला गोष्ट सांगत सांगत पैलतीराला लावलंय. आताही सांगता आलं असतं. पण डोळ्यांसमोर तो खांब धरलेला हात होता, आणि कानात डॉक्टरांचं ते 'उशिरा'.

"वहिनी, मी खायला घालतोय," मी म्हणालो. "भडंग. आठ दिस झालं, रोज. आन आत्ता वाकल्यावर त्याला दम लागला, ते तुमी न्हाई बघितलं. मी बघितलं."

नाथाजी पुटपुटला, "गड्या, घात केलास." पण त्याच्यात जोर नव्हता. रंगूबाईनं त्याला खाटेवर बसवलं आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलला तर खड्डा तसाच राहिला. त्यात वाटाणा ठेवला असता तर पडला नसता. ते बघून नाथाजीनंही मान खाली घातली.

मग सांगलीला फोन गेला. संयोगिता सिस्टर ओरडल्या नाहीत, हेच मला लागलं. त्यांच्यापुढं आकडा आधीच होता आणि त्याही फोन करणारच होत्या. त्यांनी एकेक विचारलं, किती भडंग, किती दिवस, वाकल्यावर किती वेळ दम लागला, आडवं पडता येतं का. थोड्या वेळानं डॉक्टरांशी बोलून परत फोन आला. चिठ्ठीवर लिहिलेली जादा गोळी आज आणि उद्या, पाणी तांब्यानं मोजून, दुपारी पुन्हा फोन, उद्या सकाळी पुन्हा काटा. मध्ये आडवं पडल्यावर दम लागला किंवा रंग लाल झाला तर वाट न बघता निघायचं. गाडी तयार ठेवा. मी माझ्या पुतण्याला, उदयसिंहाला, गाडीसकट दारात बसवला. गाडी तिथंच होती, पण लागली नाही.

त्या दोन दिवसांत नाथाजीनं मोरीकडं एवढ्या फेऱ्या मारल्या की मोबाईलमधल्या बाईनं भरपूर चालल्याबद्दल त्याला शाबासकी दिली. दुसऱ्या सकाळी सदुसष्ट किलो चारशे. तिसऱ्या दिवशी सहासष्ट किलो आठशे. चौथ्या दिवशी साडेसहासष्ट आणि मोबाईल हिरवागार. डॉक्टरांनी राजवर्धनला सांगितलं की हेच पाणी आणखी आठ दिवसांनी कळलं असतं तर वडिलांना पुन्हा अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं असतं, आणि पुढचं त्यांनाही सांगता आलं नसतं. या वेळी सगळं घरच्या घरी, खाटेवर, चार दिवसांत निस्तरलं.

शिक्षा मात्र मला झाली. संयोगिता सिस्टर फोनवर म्हणाल्या, मावशी, हे सगळं एकटीनं करू नका, घरातलं आणखी एक माणूस यात जोडून घ्या. रंगूबाईनं घरभर नजर फिरवली आणि ती येऊन माझ्यावर थांबली. राजवर्धननं पुण्यातनं सांगत सांगत माझ्या मोबाईलवर ते सगळं चढवलं; आकडा आता रंगूबाईच्या आणि माझ्या, दोन्ही मोबाईलवर जाणार. त्या दिवसापासून सकाळी मी नाथाजीला काट्यावर उभा करायचा, टोपी-अडकित्ता काढून घ्यायचा, उशा मोजायच्या, नडगी दाबायची, आणि विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यायची. रंगूबाई आठ दिवस माझ्या खांद्यामागं उभी राहून तपासत होती. पहिल्या दिवशी मी एका उशीच्या जागी चार दाबल्या, हात सवयीनं वाढवूनच जातो. लगेच सांगलीहून फोन आला. त्यानंतर मी त्या एका जागी कधी वाढवून सांगितलं नाही, बाकीच्या गावाला विचारा.

नाथाजीही बदलला, पण त्याच्या पद्धतीनं. काट्याशी त्याचा तह झाला. आता आकडा शंभर ग्रॅमनं जरी वाढला तरी तोच आधी मोठ्यानं पुकारतो, जणू शत्रूची तुकडी त्यानंच टेहळून काढली. खोपटाकडं चालत येतो अजून. मी बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे ठेवतो. तो ते खातो आणि मला शिव्या देतो, आणि शिव्या देताना त्याला दम लागत नाही, हे मी रोज तपासून घेतो.

माझ्या शिक्षेच्या नवव्या दिवशी सकाळी मी गेलो तर रंगूबाई इरकली लुगडं नेसून, पिशवी भरून दारात उभी. औंधला तिची थोरली बहीण अंबूबाई असते. चैत्रापासून तिचे निरोप येत होते, ये म्हणून, आणि रंगूबाई दर वेळी कळवायची की घरातनं पाय निघत नाही. आज म्हणाली, दोन दिस जाऊन येते, यमाईचं दर्शनबी हुईल. मला बिनमिठाच्या भाजीचं सगळं दाखवून ठेवलं होतं, गोळ्या वारांप्रमाणं डबीत घातल्या होत्या.

आम्ही दोघं तिला थांब्यावर सोडायला गेलो. एसटी वेळेवर आली, हेही तुम्हाला खरं वाटणार नाही. ती पायरीवर चढली तसा नाथाजी पुढं झाला. अठरा वर्षं फौजेत काढलेला माणूस, पण आवाज बारीक झाला होता.

"आन मागं मला काय झालं तर?"

रंगूबाईनं गळ्यातल्या पिशवीतल्या मोबाईलवर हात ठेवला. "तर तुमच्या आदी मला कळंल," ती म्हणाली, आणि खिडकीशी रिकामी जागा बघून बसली.